हनीफचा धबधबा

हैल, इब्राजवळ
२ नोव्हेंबर १९८५

झमझमबहिणीस,

सलाम. आमची खुशाली विचारशील तर आम्ही ठीक आहोत, फक्त तुझं तोंड पाहिलेलं नाही एवढीच उणीव आहे. पत्राची सुरुवात अशी करतात असं ऐकलंय. यातलं "आम्ही" म्हणजे मी आणि दोन शेळ्या.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आजवर तुला गेलेली पत्रं तुझा भाऊ खल्फान बाजारातल्या लेखनिकाला तोंडी सांगायचा आणि तो लेखनिक त्यात पदरची विशेषणं घालायचा. "हृदयाच्या बागेतील गुलाब" हे तुझ्या भावाचं नव्हे. तो घरात तुझं नाव काढायचा तेव्हा "आमची ती बोकडी" म्हणायचा.

तो गेल्यावर आपल्यात बसतात तशी मी चार महिने दहा दिवस घरात बसले. बसून करायचं काय? कुराणातले तीसेक अध्याय लहानपणापासून पाठ आहेत. पुस्तक उघडलं, तोंडात होतं ते बोटाखाली धरलं आणि एकेक अक्षर ओळखीचं होत गेलं. मग दुधाचे डबे वाचले, औषधांची खोकी वाचली, भिंतीवर चिकटवलेले कागद वाचले. मुदत संपली तेव्हा मला वाचता येत होतं. बाहेर जाण्यासारखं काही सुचत नव्हतं, म्हणून पुढेही वाचत बसले. त्याला दोन वर्षं झाली.

खल्फान कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांगायचा, अंगणात रोवलेल्या काठीची सावली बघून. आता पाळ्या घड्याळावर चालतात. मी मात्र सावली पाहते आणि मनाशी म्हणते, आता सुलैयमच्या बागेचं पाणी सुटलं. बहुतेक वेळा बरोबर असतं.

तुझी लेक मुनीरा तुला दार-एस-सलामला बोलावते आहे, तिच्या मुलांजवळ राहायला, असं सूर बंदरातल्या एका नावाड्याकडून कळलं. मी म्हणते, इकडे ये. पाहुणी म्हणून नको, राहायला ये. आपण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही हे खरं. पण तुझ्या भावाला घरच्या माणसासारखं ओळखणारं आता जगात आपल्या दोघींशिवाय कोणी नाही.

तुझी वहिनी,
रय्या


झांजिबार
२० नोव्हेंबर १९८५

वहिनी,

तुझं पत्र आमच्या गल्लीत सगळ्यांनी वाचलं. रागावू नकोस, इथे पत्र एकटीने वाचणं म्हणजे एकटीने जेवण्यासारखं आहे. "मी आणि दोन शेळ्या" इथे समोरचा शिंपी इतका हसला की सुई बोटात गेली. बोकडी मात्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

आता माझं ऐक. तू चांगली बाई दिसतेस, आणि मुनीराची मुलं चार आहेत. मुलं गोड आहेत, पण चार म्हणजे चार. तेव्हा मला तुझ्याकडे यायला आवडेल. अडचण तुझ्या देशाची आहे.

मी सात वर्षांची असताना काकांबरोबर गलबतात बसले. मला तुझ्या देशातल्या तीन गोष्टी आठवतात. एक दगड, दुसरा दगड, आणि तिसरा जो पायाला चावायचा तो. पाणी लोट्याने मोजून मिळायचं. उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तर भिंतच ओरडेल असं वाटायचं. इथे माझ्या खिडकीखाली लवंगा वाळत असतात, फणस आपण होऊन पडतो, आणि पाऊस तर असा की एकदा आला की जावयासारखा मुक्काम ठोकतो. हे सोडून मी या वयात दगडांकडे बघत बसू?

रमजानच्या आधी मुनीराला होय की नाही सांगायचं आहे. तोवर तू मला तुझ्या देशातली एक तरी जागा सांग, जिथे पाणी खळखळतं आणि जिथे जीव रमतो. पण तू स्वतः पाहिलेली. ऐकीव नको. ऐकीव गोष्टींवर आमच्या काकांनी एक बायको केली होती.

तुझी,
झमझम


हैल
८ डिसेंबर १९८५

झमझमबहिणीस,

सलाम. तुझ्या प्रश्नाचं मला हसू आलं. एक जागा विचारतेस? आपल्याकडे किती खोरी आहेत ते मोजायला बोटं पुरत नाहीत.

बनी खालिदचं खोरं घे. तिथे हिरवं पाणी आहे, त्यात आकाश दिसतं, आणि डाव्या कोपऱ्यात एक खजूर वाकलेली आहे. तिवीचं खोरं घे. तिथे केळी आहेत आणि एक पांढरी शेळी उजवीकडे बघते आहे. शाबच्या खोऱ्यात कडे इतके उंच आहेत की वरचं टोक दिसत नाही, तिथे कागद संपतो. म्हणजे वाट संपते.

पण सगळ्यांत सुंदर हनीफचा धबधबा. बहिणी, तो मी शब्दांत कसा सांगू? पाणी आकाशातून पडतं आणि पडताना त्याचा धूर होतो. खाली मखमलीसारखं गवत, कुणी कातरल्यासारखं. झाडं टोकदार, खाली रुंद आणि वर निमुळती, उन्हाळ्यात मिटून ठेवलेल्या तंबूसारखी. गायी चरत असतात, एकेक गाय खोलीएवढी, आणि गळ्यात घंटा. मागच्या डोंगराच्या माथ्यावर मीठ पसरलेलं आहे. इतकं मीठ की सगळ्या सूरचे मासे खारवून उरेल.

मी तिथे कितीदा तरी गेले आहे. रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तोच दिसतो, असं म्हटलं तरी खोटं नाही.

ये. तुला दाखवते.

रय्या


झांजिबार
२७ डिसेंबर १९८५

वहिनी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि गल्लीने सात वेळा. घंटावाल्या गायींवरून इथे दोन तट पडले आहेत. शिंपी म्हणतो घंटा गाय हरवू नये म्हणून. मासेवाली म्हणते, खोलीएवढी गाय हरवेल कशी? तू निकाल कळव.

आणि डोंगरावर मीठ कोण वाळत घालतं? चढवतात कसं? गाढवांवर?

मला माझ्या आईवडिलांचा राग आला आहे. असा मुलूख असताना मला सात वर्षं त्या एका दगडावर बसवून ठेवलं. खल्फाननेही कधी हनीफचं नाव काढलं नाही. की काढलं, आणि त्या मेल्या लेखनिकाने गाळलं?

तर ठरलं. मार्चमध्ये येते, एक महिना. हनीफ दाखव. तू सांगतेस तसा असेल तर मी राहीन, नसेल तर मुनीराची चार मुलं आहेतच. हे तिलाही कळवलं आहे. चालण्याची काळजी करू नकोस. मी लवंगेच्या झाडांवर चढणारी बाई आहे, तुझ्या कड्यांना माझ्यापासून सांभाळ.

झमझम


हैल
२० जानेवारी १९८६

झमझमबहिणीस,

सलाम. उत्तराला उशीर झाला, कारण मी घरी नव्हते. हे वाक्य लिहिताना मलाच नवल वाटतं.

तू येणार म्हणून म्हटलं, रस्ते एकदा नजरेखालून घालावेत. पावसाने खोऱ्यांचे रस्ते बदलतात ना. शेजारीण अज्जा, तिचा मुलगा मसऊद पिकअपमधून लसूणघास विकत हिंडतो. पंचेचाळीशीचा आहे, पण आईसमोर अजून पाठीत पोक काढून उभा राहतो. त्याला विचारलं. अज्जा म्हणाली, मी पण येते, माझ्याशिवाय हा चुकीच्या गावात जेवतो.

पुढे मसऊद, मध्ये अज्जा, खिडकीशी मी, मागे गवताचे भारे.

"मावशी, हनीफ कुठल्या बाजूला?" मसऊदने विचारलं.

"तू चालव."

"चालवतो. पण कुठे?"

"पुढे."

"पुढे इब्राची पोलीस चौकी आहे."

"मग तिच्याही पुढे."

अज्जा म्हणाली, "विचारू नकोस रे तिला. दोन वर्षांनी उंबरा ओलांडला आहे, पोचेल तिथे पोचेल."

आम्ही बनी खालिदला पोचलो. घाट उतरताना एका वळणावर खाली खजुरी दिसल्या. इतक्या दाटीने की आधी मला ती नदीच वाटली. मग त्यांच्या आत खरं पाणी दिसलं. बहिणी, ते पाणी हलतं. मला माहीतच नव्हतं की ते असं हलत असतं, आणि त्याला वास असतो, आणि खाली गोटे मोजता येतात. म्हणजे माहीत होतं, पण मधल्या काळात विसरले होते.

अज्जाने पाय सोडले आणि किंचाळली. बोटाएवढे मासे तिच्या टाचा कुरतडत होते.

"मसऊद, हे मला खातायत."

"आई, नुसती चव बघतायत. सोडून देतील."

मीही पाय सोडले. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी हसले, मोठ्याने, परक्या पुरुषांच्या देखत. तोंडावर ओढणी घेतली तरी खांदे हलतच होते. पलीकडच्या काठावर एक म्हातारबाबा कहवा करत बसले होते, त्यांनी न विचारता तीन पेले जास्त भरले. त्यांना मी हनीफ विचारला.

ते म्हणाले, "हनीफ? दहा वर्षांपूर्वी वारला. भला माणूस. पण त्याची विहीर होती, धबधबा नव्हता."

तेवढ्यात दुसऱ्याने पूर्वेला बोट दाखवलं, तिसऱ्याने पश्चिमेला. आपल्या लोकांना पाहुण्याला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटते, त्यामुळे आम्ही त्या दिवशी तीन चुकीच्या गावांत जेवलो.

तेव्हा रस्त्याबद्दल लोकांचे मतभेद आहेत एवढंच. काळजी करू नकोस.

गायींच्या घंटा हरवू नये म्हणूनच.

रय्या


झांजिबार
६ फेब्रुवारी १९८६

वहिनी,

मासेवाली हरली, ती शिंप्याला पाव किलो कोळंबी देणार आहे.

एक सांग. तू म्हणतेस की हनीफला कितीदा तरी गेलीस. मग वाट तीन गावांना का विचारलीस? मी काही म्हणत नाही, नुसतं विचारते. मलाही माझ्या मावशीच्या घराची गल्ली कधी कधी सापडत नाही. पण मावशी खोलीएवढी नाही.

तू लिहितेस की मी खल्फानला ओळखते. मी त्याला फार थोडी ओळखते, पण आहे ते देते. मी सहा वर्षांची, तो दहाचा. मला म्हणाला, कालव्यात मान बुडेपर्यंत बसून तोंड उघडं ठेवलं की माणसाचा मासा होतो. मी बसले. दुपार गेली. तो काठावर बसून दर थोड्या वेळाने माझी पाठ तपासायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "एक खवला आला." आईने मला ओढून काढलं तेव्हा मी निळी पडले होते आणि तिच्यावरच ओरडत होते की थोडक्यासाठी माझा मासा राहिला. त्याला मार पडला. मार खाताना हसत होता.

नंतर मी विचारलं, खोटं का बोललास? तर म्हणाला, "तू काकांबरोबर जाणार आहेस ना. मासा झाली असतीस तर कालव्यातच राहिली असतीस."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीलाही नाही.

मुनीरा लिहिते, हनीफ पाहून झाला की लगेच निघून ये, मुलं वाट बघताहेत. मी तिला कळवलं आहे, हनीफ पाहिल्याशिवाय मी तिथून पाऊल हलवणार नाही. शिंपी मला चालण्यासाठी खास विजार शिवतो आहे.

झमझम


हैल
५ मार्च १९८६

झमझमबहिणीस,

सलाम. हे पत्र पूर्ण वाच, आणि शक्य असेल तर एकटीने वाच.

खवल्यांची गोष्ट वाचून मी आधी इतकी हसले की शेळ्या दचकल्या. मग दार लावून बसले. एकतीस वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली, तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही असं समजत होते. आता वाटतं, किती वेळा बोलला असेल आणि मी मासा झाले असेन. हे तू मला दिलंस, त्याची परतफेड मला खोट्याने करता येत नाही.

हनीफ नाही. हनीफ कुठेच नाही.

मी कधी कुठे गेले नव्हते. लग्न होऊन शेजारच्या गावातून इथे आले, तेवढाच माझा प्रवास. मी तुला जी खोरी लिहिली ती आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली. मत्रहच्या एका घड्याळवाल्याने खल्फानला दिलं होतं, त्याने खळीने पानं भिंतीला चिकटवली. हनीफ माझ्या उशाशी आहे. खाली लिहिलंय, "धबधबा, हनीफजवळ." म्हणून लिहिलं की रोज सकाळी तोच दिसतो. तेवढंच खरं होतं.

पण मला वाटत होतं की तो आपल्याच देशात आहे. तू मार्चमध्ये येते म्हणालीस आणि मला घाम फुटला. तू यायच्या आत तो शोधायचा होता. म्हणून बनी खालिद. मग पुन्हा मसऊदच्या मागे लागले. गावात मला आता हनीफवाली म्हणतात. मी रस्त्याने गेले की पोरी विचारतात, "खाला, सापडला का गं?" आणि मसऊद म्हणतो, "मावशी, दुसरा नवरा शोधला असता तर एव्हाना नातवंडं झाली असती."

मी म्हटलं, "नवऱ्याच्या खाली नाव लिहिलेलं नसतं. याच्या आहे."

आम्ही सूरला गेलो. तिथून होडीने तिवीला. होडीत अज्जाने मागच्या तीन दिवसांतलं सगळं जेवण समुद्राला दिलं आणि वर म्हणाली, भातात मीठ कमीच होतं. तिवीच्या खोऱ्यात केळी खरंच आहेत. शेळी होती, पण काळी, आणि डावीकडे बघत होती. माणसं कड्यांवर घरं बांधून राहतात आणि एक बाई डोक्यावर हंडा घेऊन त्या पायऱ्या अशी उतरत होती जशी मी माझी ओसरी उतरते.

शाबला कागद संपतो त्याच्या पुढेही कडा आहे. पुढे पुष्कळ आहे. वाट एका कपारीतून जाते, खाली खोल हिरवं पाणी. मी वर बघत चालले होते, धबधबा दिसतो का म्हणून, आणि पाय सुटला. बहिणी, मी सगळ्या कपड्यांनिशी पाण्यात पडले. बुडणार असं वाटलं, शेवटचा कलमासुद्धा म्हणून टाकला. पण माझ्या झग्यात वारा भरला आणि मी फुगून वर आले. मी तरंगत होते. चौपन्न वर्षांची बाई, शेवाळी रंगाच्या पाण्यात, भिजलेल्या पाखरासारखी, कान पाण्याखाली, वर दोन कड्यांच्या मध्ये आकाशाची चिंधी. वरून अज्जाचं ओरडणं कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखं वाटत होतं. मसऊदने गवत बांधायची दोरी टाकली. मी लगेच धरली नाही. भीती वाटत नव्हती आणि खल्फानची आठवण येत होती, दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

तारा पडून खड्डा झाला असं किनाऱ्यावरचे लोक ज्याच्याबद्दल सांगतात तोही पाहिला. जमीन सपाट, आणि एकदम पायाखाली पाण्याने भरलेला रांजण, गावाएवढ्या तोंडाचा. मसऊदने दगड टाकला. अज्जा म्हणाली, "टाकू नकोस, खाली कोणी असेल."

चाळीस दिवसांत पाच खोरी झाली. हनीफ कुठेच नव्हता.

परवा शाळेतली सुदानी मास्तरीणबाई माझं ताक प्यायला आली. माझ्या उशाशी उभी राहिली, पानाखालची ओळ वाचत. मग विचारलं, "रय्याबाई, तुम्ही शोधता तो हाच का?" तिने पानाचा कोपरा अलगद सोडवून उजेडासमोर धरला. पहिल्या अक्षराच्या पोटात एक बारीक भोक होतं. कसरीने खाल्लेलं. तिथे टिंब होतं, बहिणी. आपल्या अरबी 'ह'च्या पोटात टिंब दिलं की त्याचा 'ज' होतो. कसरीने टिंब खाल्लं आणि जनीफचा हनीफ झाला. जनीफ म्हणजे जिनीव्हा, घड्याळं करणाऱ्या लोकांचा गाव, समुद्रापलीकडे आणि त्याच्याही पलीकडे. घड्याळवाल्याने एक पान आपल्या देशाचं छापलं होतं आणि एक त्यांच्या. डोंगरावर मीठ नाही, ते बर्फ आहे. गायींचं खरं आहे.

मास्तरीणबाई हसली नाही, याचे मी तिचे उपकार मानते. ती गेल्यावर मीच हसले.

तर असं. तू धबधब्यासाठी येऊ नकोस. माझ्याकडे तो नाही. माझ्याकडे पाच खोरी आहेत, ज्यांच्यात पाणी खरं आहे, आणि एक वाईट सवयीची अज्जा आहे. तेवढ्यावर यावंसं वाटलं तर ये. मुनीराकडे गेलीस तरी मी तुला पत्र लिहीन, आणि त्यात पाहिलेलंच लिहीन.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. मी औषधांची खोकी वाचली आहेत. किती दिवस घ्यायचं ते सगळ्यांवर लिहिलेलं असतं, यावर नाही. पण गेल्या चाळीस दिवसांत मी बऱ्याच वेळा घ्यायला विसरले, ते तुझ्यामुळे.

रय्या


तार
झांजिबार, ७ मार्च १९८६

१५ तारखेला विमानाने मस्कत. उत्तर पाठवू नकोस, मिळणार नाही. विजार शिवून झाली. झमझम


हैल, तुझ्याच घरातली मधली खोली
७ एप्रिल १९८६

वहिनी,

हे पत्र मी मसऊदच्या हाती देते आहे. तो टपालवाल्यासारखं तोंड करून तुला देईल. तू पत्र लिहिलंस, म्हणून उत्तरही पत्रानेच.

तुझं ५ मार्चचं पत्र आज सकाळी मला पोचलं. माझं विमान उडाल्यावर ते झांजिबारला पोचलं, शिंप्याने ते फोडलं, गल्लीला वाचून दाखवलं आणि पुन्हा चिकटवून इकडे पाठवलं. मागे त्याने लिहिलंय, "कोळंबी परत देणार नाही." तू शेळ्या बांधायला गेली होतीस. मी उंबऱ्यावर बसून वाचलं, एकटीने, तू सांगितलंस तसं.

आता मला हे तीन आठवडे कळले. विमानतळावर तू मला पाहिलंस आणि पहिल्यांदा विचारलंस, "पत्र मिळालं?" मी म्हटलं, कुठलं? तुझा चेहरा असा झाला जसा दुधावर माशी बसावी. मग म्हणालीस, "काही नाही, खुशालीचं होतं." तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात हनीफच्या लोकांत लग्न होतं, पाहुण्यांना जागा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात हनीफच्या रस्त्यावर उंटीण व्याली होती आणि तिला हलवता येत नव्हतं. परवा तू म्हणालीस की या दिवसांत तिथलं पाणी बाधतं. मसऊदने तर शपथेवर सांगितलं की तो गेल्याच बुधवारी तिथे गवत विकून आला. त्या कातरलेल्या मखमलीत याचं गवत कोण घेतं हे मी विचारणार होते, पण अज्जा मध्येच म्हणाली, "थंडी फार पडते गं तिथे," आणि माझ्या अंगावर शाल टाकली. बाहेर ऊन मावत नव्हतं.

तुमचं तिघांचं खोटं एकत्र केलं तरी खल्फानच्या एका खवल्याची सर यायची नाही. पण शिकाल.

आता माझं. मी लवंगेच्या झाडावर चढते हे चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. उजवा गुडघा दोन वर्षं वाकत नाही. विजार मी त्याला बांधलेला पट्टा झाकायला शिवून घेतली. हनीफचा चढ कसा चढणार या काळजीने मला विमानात डोळा लागला नाही, आणि तू इथे रोज तो पुढे ढकललास की मी मनात अल्लाचे आभार मानले. तिवीला "तू पुढे जा, मी पाणी बघत बसते" म्हणाले ते पाण्याच्या प्रेमाने नव्हे. पण तू वर जाऊन यायचीस, धापा टाकत शेजारी बसायचीस आणि सगळं सांगायचीस, काळी शेळी कुठे बघत होती तेसुद्धा. पायांनी गेले असते तर इतकं पाहिलं नसतं. बनी खालिदच्या माशांनी माझ्या टाचा खाल्ल्या तेव्हा मी सात वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा या देशाला शिव्या दिल्या नाहीत.

काल तू ओसरीवर उभी राहून काठीची सावली पाहिलीस आणि पुटपुटलीस, "सुलैयमचं पाणी सुटलं." मी आतून ऐकलं, कालव्याकडच्या दारातून डोकावले. सुटलं होतं.

मुनीराला आजच पत्र टाकलं. तिला मी शब्द दिला होता, हनीफ पाहिल्याशिवाय पाऊल हलवणार नाही. आम्ही बोकडी लोक शब्दाचे पक्के. तिला लिहिलं, हनीफ अजून पाहायचा आहे, रस्ता अवघड आहे, किती वर्षं लागतील सांगता येत नाही, मुलांना सुट्टीत इकडे पाठव, शोधायला माणसं कमी पडतात.

तेव्हा मास्तरीणबाईला सांग, ते पान जसं होतं तसं चिकटवून टाक. आणि गावात कोणी विचारलं, "खाला, सापडला का," तर नाही म्हणायचं.

माझी मोठी पेटी तीन आठवडे तुझ्या ओसरीवर बांधलेली पडली आहे. तू रोज तिच्याभोवती झाडतेस आणि काही विचारत नाहीस. उद्या सकाळी ती उघड, मला वाकता येत नाही. थंडीचे कपडे तळाशी आहेत, ते वर काढून ठेव. दोरीला शिंप्याने सतरा गाठी मारल्या आहेत, त्या सोडवत बसू नकोस. सरळ काप. ती दोरी पुन्हा लागणार नाही.

झमझम